हवाई हद्द कोणासाठी बंद, कशासाठी बंद

आपल्या भूमीवरील आणि तिला लागून असलेल्या प्रादेशिक समुद्रावरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे संपूर्ण व अनन्य सार्वभौमत्व आहे, हे १९४४च्या शिकागो कराराचे पहिलेच कलम असून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीची सारी घडण त्यावर उभी आहे. त्याच कराराच्या नवव्या कलमाने मात्र या अधिकाराला मर्यादा घातली आहे. लष्करी गरज किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी हवाई क्षेत्र तात्पुरते बंद करता येते, परंतु तसे करताना विमान कोणत्या देशाचे आहे यावरून भेद करता येत नाही. गेल्या काही वर्षांत ही तरतूद जवळजवळ उलटी करून वापरली गेली आहे, असे खेदाने म्हणावे लागते. राजकीय दबावासाठी हवाई हद्द एका दिवसात बंद होते आणि क्षेपणास्त्रे सुटत असताना ती खुली राहते.

पूर्व युक्रेनवर १७ जुलै २०१४ रोजी एमएच१७ हे विमान पाडले गेले आणि त्यातील सर्व २९८ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा ते फ्लाइट लेव्हल ३३० वर, म्हणजे प्रमाणित वायुदाबानुसार ३३,००० फुटांवर उडत होते. तीनच दिवस आधी युक्रेनने फ्लाइट लेव्हल ३२० पर्यंतचा थर बंद केला होता, त्यामुळे बंद आकाश आणि ते विमान यांत अवघ्या हजार फुटांचे अंतर होते आणि कागदोपत्री मार्ग पूर्णपणे वैध होता. एअर इंडियाचे एक विमानही त्या वेळी त्याच नियंत्रण क्षेत्रात होते, याची आठवण येथील डिस्पॅचर मंडळींनी ठेवावी. हवाई क्षेत्र बंद करण्यास युक्रेनकडे पुरेसे कारण होते, असा निष्कर्ष नेदरलँड्सच्या सुरक्षा मंडळाने पुढे काढला. तरीही ८ जानेवारी २०२० रोजी इराणने इराकमधील अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रे डागल्यानंतरच्या काही तासांतही तेहरानहून नागरी उड्डाणे सुरू राहू दिली गेली आणि इराणच्याच हवाई संरक्षण दलाने पाडलेल्या विमानात १७६ जणांचा बळी गेला.

याउलट, पहलगाम हल्ल्यानंतर भारताने घेतलेल्या निर्णयांना प्रत्युत्तर म्हणून पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी आपले हवाई क्षेत्र केवळ भारतीय विमान कंपन्यांना बंद केले, आणि ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानी विमानांवर तशीच बंदी घातली. इतर देशांच्या कंपन्यांना मार्ग खुले असताना हे बंधन सुरक्षिततेसाठी होते असे कोणी म्हणू शकणार नाही. नोटॅम, म्हणजे मार्ग, विमानतळ व सुविधा यांतील तात्पुरते बदल आणि धोके वैमानिकांना कळवणारी अधिकृत सूचना, महिन्यामागून महिना वाढवत नेला की तो धोक्याचा इशारा न राहता परराष्ट्र धोरणाचे परिपत्रक बनतो. भारताचाही इतिहास यापेक्षा वेगळा नाही. १९७१ मध्ये ‘गंगा’ विमानाच्या अपहरणानंतर भारताने पाकिस्तानी उड्डाणांना बंदी केली, पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या (आयकाओ) परिषदेकडे तक्रार नेली आणि त्या परिषदेला ती ऐकण्याचा अधिकार आहे, असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १८ ऑगस्ट १९७२ रोजी दिला. मूळ प्रश्नावर मात्र निवाडा कधीच झाला नाही. खर्चाचा भार कंपन्या आणि प्रवासी उचलतात. २०१९ मध्ये पाकिस्तानने घातलेल्या बंदीत २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते.

पैशाचा तोटा कालांतराने भरून निघतो. त्यापेक्षा गंभीर प्रश्न २१ मे २०२५ रोजी पठाणकोटजवळ उभा राहिला. दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडिगोचे विमान फ्लाइट लेव्हल ३६० वर गारांच्या वादळासमोर आले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) दिलेल्या माहितीनुसार वैमानिकांनी हवाई दलाच्या उत्तर नियंत्रण कक्षाकडे डावीकडे, म्हणजे सीमेच्या दिशेने, वळण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली नाही, नंतर लाहोरकडे विचारणा केली तेव्हा तेथूनही नकार आला. परत फिरण्यास ढग फार जवळ आला होता, म्हणून त्यांना वादळातूनच जावे लागले. नाकाडाचा रेडोम, म्हणजे हवामान रडारवरचे आवरण, फुटला असतानाही त्यांनी विमान श्रीनगरला सुखरूप उतरवले, याचे सारे श्रेय त्यांचे आहे.

या घटनेत कोणा एका नियंत्रकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण बंद हद्दीच्या कडेवर आलेल्या विमानासाठी ठरलेली कार्यपद्धतीच त्याच्या हाती नव्हती. महासागरी हवाई क्षेत्रात अशी पद्धत आहे आणि मुंबईचे नियंत्रक ती जाणतात: खराब हवामान टाळताना परवानगी वेळेत मिळाली नाही, तर वैमानिक रेडिओवर घोषणा करून मार्ग सोडतो आणि विचलन पाच सागरी मैलांहून अधिक असल्यास ३०० फुटांनी उंची बदलतो. पंजाब-जम्मू सीमेवर, जेथे दोन्ही बाजूंची लष्करी रडारे सज्ज असतात, ती जशीच्या तशी चालणार नाही हे उघड आहे. पण हवाई हद्दभंग टाळण्यासाठी दोन्ही देशांनी १९९१ मध्ये करार करून लढाऊ विमानांना सीमेपासून दहा किलोमीटर दूर ठेवण्याचे मान्य केले होते, तेव्हा अविश्वास असतानाही तांत्रिक समझोता होऊ शकतो. संकटातील विमानाला शक्य ते साह्य करण्याचे बंधन शिकागो कराराच्या पंचविसाव्या कलमाने दोन्ही देशांवर आधीच घातले आहे. दिल्ली व लाहोरच्या नियंत्रण कक्षांत थेट दूरध्वनी वाहिनी, हवामानामुळे वळलेल्या विमानासाठी ठरावीक ट्रान्सपाँडर संकेत आणि सीमेपलीकडील मर्यादित पट्टा, एवढ्या गोष्टी बंदी न उठवताही लिहून ठरवता येतील. ही मागणी वैमानिक व नियंत्रक यांच्या संघटनांनी डीजीसीए आणि हवाई दलापुढे एकत्रितपणे मांडली पाहिजे, आणि तीही पुढच्या वळवाच्या आधी.