हात थरथरतो तो वयामुळेच?

सिंदखेड राजा तालुक्यातल्या दुसरबीडसारख्या गावात म्हाताऱ्याचा हात थरथरला की निदान घरातच होतं, "वय झालं आता!" न्यूरॉलॉजिस्ट लांब आहेत हे खरंच, पण पार्किन्सन्समध्ये त्याआधीची वर्षं या वाक्यातच वाया जातात, असं माझं मत.

गंमत बघा. १८१७ साली जेम्स पार्किन्सननी हा आजार सहा रुग्णांवरून मांडला. त्यातले काही तर त्यांना रस्त्यातच दिसलेले! आजही निदान मुख्यतः बघूनच होतं. एमआरआय सांगतात तो बहुधा दुसरे आजार वगळायला.

बघायचं काय? हालचाली मंदावल्यात का. जोडीला, हात मांडीवर निवांत असताना थरथरतो का, किंवा अंग ताठरलंय का. चालताना एक हात हलत नाही, सही बारीक होत चाललीय, याही खुणाच. काहींना तर कंप नसतोच. उलट कप उचलतानाच हात थरथरत असेल, तर आजार वेगळा असू शकतो.

चालण्याचा व्हिडिओ मोबाइलवरून लांबच्या डॉक्टरला दाखवता येतो. ताठरपणा मात्र हात लावूनच कळतो, म्हणून गावातला डॉक्टर हवाच.

लेव्होडोपाने आजार जात नाही, पण हालचाल बरीच मोकळी होते. गोळ्यांच्या वेळा पाळायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत. खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं, पण म्हणून मनानेच चूर्ण सुरू करू नये. मात्रेचा भरवसा नाही.

आशाताई बीपी-शुगरचं विचारतातच. "बाबा हल्ली मंदावलेत का?" हेही विचारू द्या की! त्याला मशीन लागत नाही.