कीड निदानासाठी कॅमेरा निवडताना

खरीप हंगामात कीटकशास्त्रज्ञांकडे निदानासाठी येणाऱ्या छायाचित्रांची संख्या गेल्या काही वर्षांत फार वाढली आहे. पूर्वी शेतकरी रोगट फांदी पिशवीत घालून एस.टी.ने तालुक्याच्या गावी आणीत असे. आता तीच फांदी मोबाइलवरून क्षणात शेकडो किलोमीटर दूर पोहोचते. हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र या छायाचित्रांपैकी पुष्कळांना उत्तर देताना एकच वाक्य पुनःपुन्हा लिहावे लागते : ‘कृपया जवळून काढलेले स्पष्ट छायाचित्र पाठवावे.’ पाठविणारा ते पुन्हा काढतो, तितक्याच अंतरावरून, आणि पुन्हा पाठवितो. यात त्याचा दोष नसतो. त्याच्या हातातील उपकरण त्याहून जवळ जाऊच शकत नाही.

म्हणूनच विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतिशील शेतकरी जेव्हा विचारतात की, मोबाइलच्या पुढची पायरी म्हणून कोणता कॅमेरा घ्यावा, तेव्हा तो प्रश्न मला छंदाचा वाटत नाही. दहा हजार रुपयांची फवारणी योग्य किडीवर होते की भलत्याच किडीवर, हे अनेकदा त्या उत्तरावर ठरते. माझे मत असे की, कीड निदानासाठी मोठा डीएसएलआर घेण्याची गरज नाही आणि आणखी महाग मोबाइल घेण्याचीही नाही. जवळून टिपू शकणारा, चांगल्या प्रतीचा, भिंग न बदलणारा लहान कॅमेरा हेच योग्य साधन आहे. मात्र तो निवडताना जाहिरातीत ठळक छापलेले आकडे बाजूला ठेवावे लागतात.

थोडा हिशेब मांडतो. सर्वसाधारण मोबाइलचा मुख्य कॅमेरा सुमारे दहा सेंटीमीटरपेक्षा जवळच्या वस्तूवर नीट फोकस करीत नाही. त्या अंतरावरून चौकटीत सुमारे १३ ते १४ सेंटीमीटर रुंदीचा भाग मावतो, म्हणजे मिरचीचे दोन-तीन शेंडे. छायाचित्र ४,००० पिक्सेल रुंद असेल, तर एका मिलिमीटरच्या वाट्याला सुमारे २९ पिक्सेल येतात. फुलकिड्याची लांबी साधारण एक मिलिमीटर. तो २९ पिक्सेलमध्ये बसला. पुढे ते छायाचित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या दर्जात पाठविले की लांब बाजू सुमारे १,६०० पिक्सेलवर येते, आणि आमच्यापर्यंत पोहोचलेला फुलकिडा जेमतेम १२ पिक्सेलचा उरतो. मिरचीवरील पिवळा कोळी ०.२ मिलिमीटरचा असतो. त्याच्या वाट्याला दोन पिक्सेल येतात. दोन ठिपक्यांवरून निदान करणारा तज्ज्ञ माझ्या पाहण्यात नाही.

आता शेतातली बाजू पाहू. मिरचीची पाने आकसली की शेतकरी त्याला ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडा-मुरडा’ म्हणतो; पण या एका नावाखाली निदान तीन कारणे दडलेली असतात. फुलकिड्यांमुळे पानाच्या कडा वरच्या बाजूस वळतात, कोळ्यांमुळे त्या खाली वळतात आणि देठ लांबतो, तर पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे पान जाड, आखूड व शिरा पिवळ्या दिसू लागतात. प्रत्यक्षात ही लक्षणे एकाच झाडावर मिसळलेली आढळतात. कोळी हा कीटक नव्हेच. इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही कीटकनाशक त्याच्यावर चालत नाही; फवारणीचा खर्च होतो, मित्रकीटक मरतात आणि कोळी तसेच राहतात. २०२१ च्या हंगामात आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीवर ‘थ्रिप्स पार्विस्पायनस’ या परदेशी फुलकिड्याचा उद्रेक झाला, तेव्हाही प्रथम प्रश्न ओळखीचाच होता. नेहमीचा फुलकिडा फिकट पिवळसर असतो व कोवळ्या पानांवर राहतो. हा गडद रंगाचा असून फुलांत दाटी करतो. फुलाच्या आतले एक चांगले जवळचे छायाचित्र मिळाले तर निदान शंका तरी वेळेवर घेता येते.

उलट बाजूचे उदाहरण अधिक बोलके आहे. पिठ्या ढेकूण खाणारा ‘क्रिप्टोलिमस’ हा भुंगेरा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याच्या अळीच्या अंगावर पांढरे मेणचट तंतू असतात आणि ती थेट पिठ्या ढेकणासारखीच दिसते. द्राक्षबागेत किंवा सीताफळावर ‘पिठ्या ढेकूण फार मोठे झाले’ म्हणून येणाऱ्या छायाचित्रात पांढरा ठिपका एवढेच दिसत असेल, तर त्यावर फवारणीचा सल्ला जाण्याचा धोका खरा आहे. म्हणजे विकत आणून सोडलेला मित्र आपणच मारायचा. जवळच्या स्पष्ट छायाचित्रात अळीचे तंतू लांब व विरळ आणि पाय स्पष्ट दिसतात, आणि गोंधळ तिथेच मिटतो.

तेव्हा कॅमेरा घेताना पहिला प्रश्न असा विचारावा : हा कॅमेरा जास्तीत जास्त जवळून किती मिलिमीटर रुंदीचा भाग पूर्ण चौकटीत दाखवितो? आणि दुसरा : त्या वेळी भिंग व कीटक यांच्यात किती अंतर उरते? मेगापिक्सेल, ‘चाळीस पट झूम’, व्हिडिओचा दर्जा हे सर्व त्यानंतर. विक्रेत्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठाऊक नसते. त्यासाठी खिशात प्लास्टिकची मिलिमीटरची पट्टी न्यावी. दुकानातच कॅमेरा शक्य तितका जवळ नेऊन पट्टीचे छायाचित्र काढावे, आधी रुंद कोनात आणि मग झूम पूर्ण वाढवून, आणि चौकटीत किती रेषा दिसतात त्या मोजाव्यात. चाळीसहून अधिक रेषा दिसल्या तर तो कॅमेरा अळ्यांपुरता ठीक आहे. वीसच्या आत आल्यास मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी उपयोगी. दहाच्या जवळ आल्यास फुलकिडेही टिपता येतील. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा खरी आहे.

या कसोटीवर बाजारातील प्रसिद्ध कॅमेरे वेगळेच दिसू लागतात. २०१२ पासून नावाजलेली सोनीची आरएक्स१०० मालिका घ्या. खिशात मावणारा कॅमेरा, सेन्सर ‘एक इंची’, म्हणजे प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, स्वस्त लहान कॅमेऱ्यांतील सेन्सरच्या चौपट क्षेत्रफळाचा. शेतकरी मेळावा, प्रात्यक्षिक, संध्याकाळचा उजेड यांसाठी उत्तम. पण पहिल्या आवृत्तीत तो पाच सेंटीमीटरपर्यंत जवळ जातो ते केवळ रुंद कोनात, आणि झूम वाढविला की ते अंतर ५५ सेंटीमीटरवर जाते. मोठा सेन्सर म्हणजे सर्व बाबतींत चांगला कॅमेरा, हा समज इथे उपयोगी पडत नाही.

पावसात, चिखलात, धुरळ्यात एकच कॅमेरा बाळगायचा असेल तर माझी पसंती ओएम सिस्टिम, म्हणजे पूर्वीच्या ऑलिंपस, कंपनीच्या टफ टीजी मालिकेला आहे. २०२३ मध्ये आलेल्या टीजी-७ चा सेन्सर लहान, अवघा १२ मेगापिक्सेलचा. कागदावर तो मध्यम किमतीच्या मोबाइलपुढेही फिका दिसतो. परंतु त्याची ‘मायक्रोस्कोप’ सोय झूमच्या पूर्ण पल्ल्यात भिंगापासून एक सेंटीमीटरवर फोकस करते, तो पाण्यात १५ मीटरपर्यंत चालतो, आणि फोकस थोडा थोडा सरकवीत दहापर्यंत छायाचित्रे काढून ती आतल्या आत जोडतो. ही शेवटची सोय फार मोलाची आहे. इतक्या जवळून फोकसची खोली मिलिमीटरच्या अंशाइतकीच उरते. डोळा स्पष्ट आला तर पंख धूसर होतात. जोडलेल्या छायाचित्रात दोन्ही मिळतात. अर्थात वाऱ्याने हलणाऱ्या पानावर ही युक्ती चालत नाही. पान खुडून सावलीत आणावे, किंवा सकाळी गारव्यात, कीटक सुस्त असताना काम उरकावे. कुपीतला कीटक पाच-दहा मिनिटे शीतकपाटात ठेवला तरी तो पुरेसा शांत होतो.

या कॅमेऱ्याची अडचण एक सेंटीमीटर हीच. कॅमेऱ्याची सावली कीटकावर पडते आणि तुडतुड्यासारखा चपळ कीटक तितक्या जवळ येऊच देत नाही. त्यासाठी भिंगाभोवती बसणारी प्रकाशकडी कंपनी वेगळी विकते. ती कॅमेऱ्याबरोबरच घ्यावी, नंतर घेऊ म्हणून सोडू नये.

ज्यांना थोडे वजन चालते, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे आणि निव्वळ छायाचित्राच्या दर्जाचा विचार केला तर तो मला अधिक आवडतो. पॅनासॉनिकच्या एफझेड१००० सारख्या, एक इंची सेन्सर व लांब झूम असलेल्या कॅमेऱ्याच्या पुढे रेनॉक्स डीसीआर-२५० हे आठ डायॉप्टरचे छोटे भिंग चिमट्याने लावायचे. झूम पूर्ण वाढविल्यावर चौकटीत साधारण ११ मिलिमीटर रुंदीचा भाग येतो आणि कीटक भिंगापासून सुमारे १२ सेंटीमीटर दूर असतो. प्रकाश मोकळा पडतो, कीटक बिचकत नाही. मोबाइलवर २९ पिक्सेलचा असलेला फुलकिडा इथे ४८० पिक्सेलच्या आसपास येतो. कॅमेरा सुमारे ८३० ग्रॅमचा आहे आणि पाऊस सोसत नाही. तो वापरलेला घेण्यास हरकत नाही. मात्र झूम आतबाहेर करून भिंगात बुरशीचे जाळे नाही ना, हे उजेडाकडे धरून पाहावे. कोकणासारख्या दमट भागात हा दोष हमखास आढळतो.

आणि ज्यांना यातले काहीच परवडत नाही त्यांनी खंत बाळगू नये. काही शे रुपयांचे, मोबाइलला लावण्याचे चिमटा-भिंग घ्यावे. दोन मेगापिक्सेलच्या ‘मॅक्रो’ कॅमेऱ्यासाठी मोबाइल बदलण्यापेक्षा ते कितीतरी बरे. काही महागड्या मोबाइलमध्ये दोन-तीन सेंटीमीटरवर फोकस होतो, हे खरे. पण त्यातील संगणकीय प्रक्रिया अंगावरील बारीक केस गुळगुळीत करून टाकते, आणि अळीच्या ओळखीत नेमके ते केस व ठिपकेच लागतात.

ठिपक्यांवरून आठवले. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम नोंदली गेली तेव्हापासून मक्यावरील प्रत्येक अळीचे छायाचित्र येते, आणि बहुधा ते पोंग्यात अर्धी शिरलेल्या अळीचे असते. ओळखीसाठी डोक्यावरील उलट्या ‘वाय’ची खूण लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या भागावर, उदराच्या आठव्या खंडावर, चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. अळी बाहेर काढून, पांढऱ्या कागदावर पट्टीशेजारी ठेवून, एक छायाचित्र डोक्याचे, एक मागच्या टोकाचे वरून आणि एक पूर्ण बाजूने, एवढे पुरे. फ्लॅश थेट टाकल्यास तकाकीत ठिपके हरवतात. दह्याच्या पांढऱ्या डब्याचा तुकडा फ्लॅशपुढे धरला तरी प्रकाश मऊ होतो. पाठविताना व्हॉट्सॲपमध्ये ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. तसे केल्यास मूळ फाइल जशीच्या तशी जाते, तारीख आणि नोंदले असल्यास स्थळही तिच्यासोबत राहते.

छायाचित्र कितीही चांगले आले तरी फुलकिड्यांची जात निश्चित करण्यास काचपट्टीवर नमुना पाहावाच लागतो. म्हणून चार-सहा कीटक ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत, पीक, गाव व तारखेची पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी आत घालून, जपून ठेवावेत. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

शेवटी कार्यालयीन खरेदीविषयी. निविदेत ‘किमान २४ मेगापिक्सेल, भिंगासह’ अशी अट लिहिली की १८-५५ मिलिमीटरच्या भिंगाचा डीएसएलआर येतो. तो जवळून सुमारे सहा सेंटीमीटर रुंदीचा भाग दाखवितो, मॅक्रो भिंगासाठी वेगळी तरतूद नसते, आणि कॅमेरा उद्घाटनांच्या छायाचित्रांपुरता उरतो. महाराष्ट्रात २००९-१० पासून क्रॉपसॅपद्वारे कीड सर्वेक्षण चालू आहे. १५ ऑगस्ट २०२४ पासून केंद्राची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे छायाचित्रांवरून सल्ला देऊ लागली आहे. यंत्रालाही बारा पिक्सेलचा फुलकिडा आमच्याइतकाच दुर्बोध. तेव्हा पुढील खरेदीच्या अटींत मेगापिक्सेलच्या ओळीआधी ही एक ओळ घालावी : ‘जोडभिंगासह अथवा त्याविना, पूर्ण चौकटीत २० मिलिमीटर किंवा त्याहून कमी रुंदीचा भाग स्पष्ट टिपता आला पाहिजे; पुरवठादाराने मिलिमीटर पट्टीचे छायाचित्र निविदेसोबत जोडावे.’ एका डीएसएलआरच्या व त्याच्या मॅक्रो भिंगाच्या खर्चात असे दोन कॅमेरे येऊ शकतील, आणि खरिपात ते दोन वेगवेगळ्या मंडळांत फिरू शकतील.