मोतीबिंदूचे गाळप आणि नजरेचा उतारा

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



हंगाम संपला की आपण एकमेकांना दोन प्रश्न विचारतो. गाळप किती झाले आणि उतारा किती बसला? नुसत्या गाळपाच्या आकड्यावर कोणी समाधान मानत नाही. लाखो टन ऊस गव्हाणीत पडला आणि पोत्यात साखरच आली नाही, तर ते टनेज काय चाटायचे? एवढे शहाणपण आपल्याला सहकाराने शिकविले आहे. पण नेत्रशिबिराचा विषय निघाला की हे शहाणपण आपण बांधावर ठेवून येतो. 'यंदा इतक्या शस्त्रक्रिया झाल्या, इतकी भिंगे बसविली' असे अहवालात छापून येते, सभेत टाळ्या पडतात आणि विषय संपतो. त्यांतल्या किती जणांना नीट दिसू लागले, हा उतारा कोणी विचारीत नाही. तो विचारला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. पण लागणीच्या नोंदी घेत गावोगाव फिरताना ओसरीवर बसलेली म्हातारी माणसे भेटतात, आणि उसाइतक्याच डोळ्यांच्या गोष्टी ऐकायला मिळतात. त्या ऐकून, डॉक्टर मंडळींना विचारून आणि थोडे वाचून जे समजले ते मांडतो.

आमच्याजवळ ब्रिक्स पाहण्याचे हातातले यंत्र असते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. रसाचा थेंब काचेवर टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. रसात साखर जास्त असली की उजेड जास्त वाकतो, त्यावरून ते यंत्र चालते. आपल्या डोळ्यातले भिंगही उजेड वाकवून आतल्या पडद्यावर चित्र पाडते. वय वाढले की हे भिंग गढूळ होते, त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. मधुमेह, विडी-तंबाखूचा धूर, वर्षानुवर्षांचे प्रखर ऊन, डोळ्याला लागलेला मार, डॉक्टरला न विचारता दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडची औषधे, यांनी तो लवकर येतो. थेंब टाकून, अंजन घालून किंवा पथ्य करून गढूळ भिंग पुन्हा स्वच्छ होत नाही. ते काढावेच लागते.

आता गावातला पहिला समज. 'अजून पिकला नाही, पिकला की काढू.' ऊस पक्व झाल्याशिवाय तोडू नका, हे आम्हीच तुम्हाला सांगत असतो. पण उसाचा नियम डोळ्याला लावू नका. जुन्या पद्धतीत अख्खे भिंग बाहेर काढीत, तेव्हा ते पिकलेले असले तर डॉक्टरला सोयीचे पडे. त्या काळचा तो सल्ला होता. आज रोजच्या कामाला अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते. उलट फार पिकू दिला तर भिंग दगडासारखे कडक होते, कधी फुगते, कधी त्यातला द्रव आत पाझरतो, डोळ्याचा दाब वाढतो आणि कायमची नजर जाण्याची पाळी येते. तुरा आलेला ऊस फडात उभा ठेवला तर वजनही जाते आणि उताराही, तशीच ही गत.

दुसरा समज हंगामाचा. हिवाळ्यात ऑपरेशन चांगले, पण हिवाळ्यात तर तोड चालू असते. उन्हाळ्यात जखम चिघळेल आणि पावसाळ्यात पाणी लागेल. असे करता करता आडसालीचे दोन हंगाम निघून जातात आणि म्हातारी भिंत धरून चालू लागते. निर्जंतुक शस्त्रक्रियागृह असेल आणि नंतरची काळजी घेतली तर बारा महिने शस्त्रक्रिया करता येते.

तिसरा समज भिंगाचा, आणि आजकाल सर्वांत जास्त चर्चा त्याचीच. 'फॉरेनची लेन्स टाकली का देशी? घडीची का साधी? किती हजारांची?' पाहुण्यांमध्ये भिंगाची किंमत ट्रॅक्टरच्या हॉर्सपॉवरसारखी सांगितली जाते. म्हणून या भिंगाचा इतिहास थोडक्यात सांगतो.

पूर्वी मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंगच नसे. मग सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावावा लागे. त्यातून वस्तू मोठ्या दिसत, कडेचे दिसत नसे, आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळा. चाळिशी ओलांडलेल्या सभासदांनी आपल्या आजोबांच्या नाकावर असे चष्मे पाहिले असतील. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्स नावाच्या प्लॅस्टिकचे, तुकडे घुसले. ते तुकडे डोळ्याने निमूटपणे सहन केले, हे डॉ. हॅरॉल्ड रिडले यांच्या लक्षात आले. त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग घडवून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात एका बाईच्या डोळ्यात बसविले. भिंग बसले, पण त्याचा नंबर फार चुकला. त्या बाईला मोठ्या उणे नंबरचा चष्मा लागला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे पुन्हा वळायचे आहे.

आपल्याकडे १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याच साली डॉ. वेंकटस्वामी यांनी मदुराईत ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय काढले. तरीही पुष्कळ वर्षे गरिबाच्या वाट्याला बिनभिंगाची शस्त्रक्रिया आणि जाड चष्माच येई, कारण भिंगे परदेशी आणि महाग. १९९२ साली मदुराईलाच ऑरोलॅब हा कारखाना निघाला आणि भिंग सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. पुढे १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोठा प्रकल्प चालला. शाळेच्या खोलीतली शिबिरे मागे पडून रुग्णालयात नेऊन भिंग बसविण्याची पद्धत रुजली. म्हणजे ज्या देशी भिंगाला आपण नाक मुरडतो, त्यानेच गावोगावचे जाड चष्मे उतरविले.

भिंगा-भिंगात फरक नाही असे मी म्हणत नाही. घडीचे भिंग तीन मिलिमीटरच्या आतल्या छेदातून जाते, ताठ भिंगाला सुमारे दुप्पट छेद लागतो. छेद लहान तर डोळा लवकर बरा होतो. पण पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर यंत्राची फेको पद्धत आणि हाताने करायची लहान छेदाची पद्धत यांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. सहा आठवड्यांनी बिनचष्म्याने पाहण्यात फेको काहीशी पुढे होती. योग्य नंबरचा चष्मा दिल्यावर मात्र दोन्ही गट बरोबरीला आले. यावरून कमी खर्चाची पद्धतही चांगल्या हाती उत्तम फळ देते, हे दिसते. जवळचे-लांबचे दोन्ही दाखविणारी महागडी भिंगे काहींना मानवतात, पण काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. रात्री ट्रॅक्टर-ट्रॉली चालविणाऱ्याने ती घेण्यापूर्वी डॉक्टरला आपला धंदा आधी सांगावा.

मग उतारा कशावर ठरतो? पहिली गोष्ट मापाची. भिंगाचा नंबर डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजून काढावा लागतो. माती परीक्षण न करता सगळ्या रानाला एकच खताचा डोस दिला तर काय होते, हे आपल्याला माहीत आहे. रिडलेसाहेबांचे पहिले भिंग मापातच फसले होते. आज माप घेण्याची यंत्रे आहेत, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी माप झाले का, हे विचारायला लाजू नका.

दुसरी गोष्ट जमिनीची. डोळ्याचा मागचा पडदा मधुमेहाने खराब झाला असेल, काचबिंदूने नस सुकली असेल किंवा बुबुळावर फूल पडले असेल, तर भारीतले भारी भिंग काही करू शकत नाही. खारवटलेल्या रानात बेणे कितीही नामांकित लावा, फूट यायची नाही. यात आपला उसाचाही संबंध आहे. उसाचे पाते डोळ्यात लागून बुरशीची जखम होते. त्यात मध, एरंडेल किंवा घरात उरलेले थेंब घातले की बुबुळ पांढरे पडते. ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने सुधारत नाही. पाते लागले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, आणि पाचट काढताना साधा का होईना चष्मा लावा. हे आपल्याइतकेच ऊसतोड मजुरांनाही लागू आहे. आपली साखर त्यांच्या डोळ्यांदेखत नव्हे, त्यांच्या डोळ्यांच्या जिवावर तयार होते.

तिसरी गोष्ट पाठीमागच्या मशागतीची. लागण करून पाणी द्यायला कोणी गेलेच नाही, असे आपण करतो का? पण शस्त्रक्रिया झाली, हिरवी पट्टी निघाली की माणूस पुन्हा दवाखान्याचे तोंड पाहत नाही. थेंब सांगितले तितके दिवस घालावे लागतात. डोळा चोळायचा नाही, धुळीत आणि फडात जायची घाई करायची नाही. दुखू लागले, लाली वाढली, दिसणे कमी झाले तर उद्यावर न टाकता त्याच तासाला निघायचे. आत जंतू गेला तर काही दिवसांत डोळा जातो. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसले तर 'मोतीबिंदू परत आला' असे समजू नका. भिंगामागचा पातळ पडदा गढूळ होतो, तो लेझरने काही मिनिटांत मोकळा करता येतो. आणि साध्या भिंगाने लांबचे चांगले दिसते, वाचायला मात्र जवळचा चष्मा लागतो. तो न मिळाल्याने वजनाची पावती वाचता येत नाही, आणि मग 'ऑपरेशन फसलं' अशी बोंब गावात होते.

ही नुसती शंका नाही. २०१५ ते २०१९ या काळात देशात पन्नाशीच्या पुढच्या लोकांची डोळे-पाहणी झाली. अंधत्वाच्या कारणांत मोतीबिंदूचा वाटा १०० पैकी ६६ च्या वर निघाला. आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीमुळे आलेल्या अंधत्वाचा वाटा ७ च्या वर होता. म्हणजे इलाजापर्यंत पोचलेल्या माणसांपैकीही काही जण अंधारातच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने जुना दंडक घालून दिला आहे, शस्त्रक्रियेनंतर १०० पैकी निदान ८० डोळ्यांची नजर ६/१८ किंवा त्याहून चांगली असावी. ६/१८ म्हणजे निकोप डोळ्याला १८ मीटरवरून जे वाचता येते, ते सहा मीटरवरून वाचता येणे. हा आपला उताऱ्याचा मापदंड होऊ शकतो.

म्हणून संचालक मंडळापुढे आणि सभासदांपुढे माझ्या चार सूचना आहेत. शिबिरातील प्रत्येक माणसाची शस्त्रक्रियेपूर्वीची आणि सहा आठवड्यांनंतरची नजर एका वहीत लिहावी. वार्षिक अहवालात शस्त्रक्रियांच्या आकड्याशेजारी ६/१८ गाठणाऱ्यांचा आकडा छापावा. सहा आठवड्यांच्या तपासणीसाठी गट ऑफिसवरून गाडी सोडावी. चिटबॉय तोडीची चिठ्ठी घेऊन घरोघर जातोच, तो तपासणीची तारीखही सांगेल. त्याच दिवशी जवळच्या चष्म्याचा नंबर काढून चष्मा द्यावा. आणि नावनोंदणी घरातील बायांपासून सुरू करावी. शेअर दादांच्या किंवा अण्णांच्या नावावर असतो, त्यामुळे शिबिराची चिठ्ठी त्यांच्याच हाती पडते. आई म्हणते, 'मला आता काय बघायचं राहिलंय?' चुलीपुढे चाचपडणाऱ्या बाईने असे म्हणावे आणि आपण ते खरे मानावे, हे कारभाऱ्याला शोभत नाही.

काही मंडळी म्हणतील, आकडे छापले तर डॉक्टर फुकट शिबिर घ्यायला येणार नाहीत. आकडे कोणा एका डॉक्टरचे नाव घेऊन छापायचे नाहीत. नजर का आली नाही, याचे कारणही शेजारी लिहायचे. पडदा आधीच खराब होता, माप चुकले, की माणूस थेंब घालायला विसरला, हे कळले तर पुढच्या वर्षी सुधारणा होईल. चांगले काम करणारे डॉक्टर तर अशी वही स्वतःच ठेवतात. दुसरे म्हणतील, कारखान्याचे काम साखर करण्याचे. खरे आहे. पण शिबिर आपण भरवितो, बॅनरवर कारखान्याचे नाव आपण लावतो. ज्या कामावर आपले नाव आहे, त्याचा हिशेब देणे हा सहकाराचा पहिला धडा आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत भावावर बोला, तोडीच्या प्रोग्रामवर बोला, तो तुमचा हक्क आहे. त्याबरोबर एका सभासदाने उठून एवढेच विचारावे, 'गेल्या शिबिरात ज्यांचे डोळे केले, त्यांतल्या किती जणांना आज दिसतंय?' उत्तर वहीत असले पाहिजे.