परतावा ठरतो तो एप्रिलमध्येच

पगारदाराच्या खात्यात आयकराचा परतावा जमा होतो, तेव्हा त्याचे कारण एकच असते. देय करापेक्षा जास्त रक्कम वर्षभरात त्याच्या पगारातून कापली गेलेली असते. सरकारने त्यात पदरचे काही घातलेले नसते. तरीही मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी परतावा बक्षिसासारखा मोजला जातो, आणि ज्याला मोठा परतावा आला त्याचे रिटर्न भरणारा हुशार ठरतो. येथील पगारदारवर्ग मुख्यतः सरकारी आणि निमसरकारी आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे पगार शालार्थ प्रणालीतून, पंचायत समितीमार्फत होतात. अनुदानित माध्यमिक शाळांची बिले वेतन पथकाकडे जातात. महसूल, पोलीस आणि इतर राज्य कर्मचाऱ्यांची बिले सेवार्थमधून कोषागाराकडे. कर किती कापायचा हे या साखळीत आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजेच डीडीओ, ठरवतो. प्रत्यक्षात ते पगार बिल करणाऱ्या लिपिकाच्या टेबलावर ठरते.

आयकर कायदा १९६१ च्या कलम १९२ मध्ये याची रीत स्पष्ट आहे. वर्षाच्या सुरुवातीला पूर्ण वर्षाच्या पगाराचा अंदाज करायचा, त्यावरील कर काढायचा आणि सरासरी दराने दर महिन्याला कापायचा. मध्येच पगारवाढ झाली, महागाई भत्ता वाढला किंवा कर्मचाऱ्याने नवी गुंतवणूक केली, तर पुढच्या महिन्यांतली कपात कमी-जास्त करून हिशेब जुळवण्याची मुभा त्याच कलमाच्या पोटकलम ३ मध्ये आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या आयकर कायदा २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले, वेतनावरील कपात कलम ३९२ खाली गेली. अंदाज करून दरमहा कापण्याची पद्धत तीच राहिली. पुढील विवेचनात २०२५-२६ या वर्षाचे आकडे आणि १९६१ च्या कायद्यातील कलमे घेतली आहेत.

अनेक कार्यालयांतली वहिवाट मात्र वेगळी असते. डिसेंबरपर्यंत नाममात्र कपात होते किंवा होतच नाही. मग आयकर विवरणपत्रे मागवली जातात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या बिलांतून सगळा कर एकदम वसूल होतो. व्यवसाय कराचे एरवीचे २०० रुपये फेब्रुवारीत ३०० होतात ते वेगळेच. घरकर्जाचा आणि पतसंस्थेचा हप्ता भरणाऱ्या शिक्षकाच्या हाती त्या महिन्यात जवळजवळ काही उरत नाही. ही अडचण सवयीने निर्माण केलेली आहे, कायद्याने नाही, आणि म्हणूनच ती सहन करण्याचे कारण नाही. शिवाय घाईच्या त्या दोन महिन्यांत लिपिक चूक टाळण्यासाठी जादाच कापतो, आणि तो जादा पैसा पुढे परताव्याच्या रांगेत उभा राहतो.

सर्वांत मोठी तफावत करप्रणालीच्या निवडीतून येते. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हीच मूळ मानली जाते. जुनी हवी असेल तर तसे कार्यालयाला कळवावे लागते, आणि डीडीओने प्रत्येकाकडून ही निवड विचारून घ्यावी असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ५ एप्रिल २०२३ च्या परिपत्रकात सांगितले आहे. न कळवल्यास नव्या प्रणालीने कपात होते. या निवडीत किती रक्कम अडकते ते एका उदाहरणावरून दिसते. वार्षिक पगार ११,४०,००० रुपये असलेल्या शिक्षकाने मागच्या वर्षाचाच कागद पुढे करून जुनी प्रणाली कळवली असे समजू. ५०,००० ची प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर, ८०सी खालील दीड लाख आणि एनपीएसचे जादा ५०,००० वजा जाता ८,८७,५०० उरतात. त्यावर कर ९०,००० आणि ४ टक्के उपकरासह ९३,६००, म्हणजे महिन्याला ७,८००. हाच पगार नव्या प्रणालीत मांडला तर ७५,००० वजा जाऊन १०,६५,००० उरतात. त्यावरील ४६,५०० चा कर कलम ८७ए च्या सवलतीत पूर्ण माफ होतो, कारण २०२५-२६ साठी ती सवलत १२ लाखांच्या करपात्र उत्पन्नापर्यंत मिळते. रिटर्न भरताना हा शिक्षक नवी प्रणाली निवडू शकतो आणि ९३,६०० रुपये परत मिळवू शकतो.

रक्कम पूर्ण परत मिळते, पण तिची किंमत मोजलेली असते. एप्रिल २०२५ मध्ये कापलेले ७,८०० रुपये ऑगस्ट २०२६ मध्ये परत आले, तर ते सोळा महिने बाहेर राहिले. कलम २४४ए नुसार परताव्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळते, परंतु ते मुदतीत रिटर्न भरणाऱ्यालाही वर्ष संपल्यानंतरच्या १ एप्रिलपासून. आधीच्या बारा महिन्यांचे काहीच नाही. वरील उदाहरणात एप्रिल ते ऑगस्ट अशा पाच महिन्यांचे २,३४० रुपये होतात, आणि तेही पुढच्या वर्षी उत्पन्नात धरावे लागतात. एकूण परतावा ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर व्याज मुळीच नाही. त्याच काळात हा शिक्षक पतसंस्थेच्या कर्जावर व्याज भरत असतो. एकत्र रक्कम हाती येते म्हणून परताव्याला सक्तीची बचत मानणारे बरेच आहेत, पण बचतच करायची तर आवर्ती ठेव पहिल्या महिन्यापासून व्याज देते.

निवड कळवल्यानंतर उरते ती कागदांची बाब. जुन्या प्रणालीत राहणाऱ्याने फॉर्म १२बीबी मध्ये घरभाडे, घरकर्जाचे व्याज आणि गुंतवणुकीचे तपशील द्यायचे असतात. ऑक्टोबर २०२४ पासून फॉर्म १२बीएए आला, आणि त्याचा उपयोग अजून फारसा कोणी करत नाही. या फॉर्ममुळे बँकेने व्याजावर कापलेला टीडीएस किंवा विक्रेत्याने गोळा केलेला कर पगाराच्या कपातीतून वळता करता येतो. १२ लाखांची मोटार घेतली की विक्रेता एक टक्का, म्हणजे १२,००० रुपये गोळा करतो. पूर्वी ते रिटर्ननंतरच परत मिळत. आता उरलेल्या महिन्यांची कपात तेवढ्याने कमी करून घेता येते. नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत लागलेल्यांच्या बाबतीत आणखी एक रकाना पाहण्यासारखा आहे. एनपीएसमधील शासनाचा १४ टक्के हिस्सा पगारात मिळवला जातो, पण तो नव्या प्रणालीतही वजा मिळतो. मिळवला आणि वजा करायचा राहिला, तर तेवढा कर जास्त कापला जातो.

घरभाड्याच्या सूटीबद्दल लहान गावांत मोठा गैरसमज आहे. पगार पत्रकात घरभाडे भत्ता दिसतो म्हणून तो सगळा करमुक्त आहे असे धरून चालतात. सूट तीन रकमांपैकी सर्वांत लहान रकमेइतकी मिळते : मिळालेला भत्ता, मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याचे ४० टक्के, आणि प्रत्यक्ष भाड्यातून त्याच वेतनाचे १० टक्के वजा जाता उरणारी रक्कम. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला ९०,००० होत असतील तर १० टक्के म्हणजे ९,०००. मंगरूळपीरात ६,००० रुपये भाड्याने राहणाऱ्याची सूट शून्य होते. स्वतःच्या घरात राहणाऱ्यालाही ती नाही. मुंबई-पुण्याच्या भाड्यांसाठी उपयोगी पडणारी ही तरतूद येथे बहुतेकांच्या कामाची नसते, आणि तिच्या आधारे मिळवलेला परतावा पुढे नोटिशीच्या रूपाने उलटतो.

थकबाकीचा हिशेब स्वतंत्र आहे. महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग जानेवारी २०१९ पासून प्रत्यक्ष पगारात आला. जानेवारी २०१६ पासूनच्या तीन वर्षांचा फरक पाच वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरले, आणि जुन्या पेन्शनमधील कर्मचाऱ्यांचे हप्ते भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात गेले. पैसे हातात आले नाहीत, तरी त्या वर्षाच्या पगारात ते धरले गेले. अशा वेळी कलम ८९ ची सवलत असते. थकबाकी ज्या वर्षांची, त्या वर्षांत ती मिळाली असती तर किती कर लागला असता हे काढून जादा पडणारा भार कमी केला जातो. सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांना ही सवलत कपात करतानाच देण्याची तरतूद आहे. तिच्यासाठी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो. तो रिटर्नच्या आधी भरला नाही तर सवलत नाकारली जाते, आणि अपेक्षित परताव्याऐवजी मागणीची सूचना येते. बारा लाखांच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी महागाई भत्त्याच्या फरकाची धास्ती घेऊ नये. करपात्र उत्पन्न १२,१०,००० झाले, तर टप्प्यांनुसार कर ६१,५०० होत असला तरी सीमांत सवलतीमुळे तो वाढीव १०,००० पुरताच राहतो, वर उपकर.

काही बाबतींत उलट घडते आणि कपात अपुरी पडते. बँक ठेवीच्या व्याजावर १० टक्केच कापते. ठेवीदार २० किंवा ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर फरक त्याने भरायचा असतो. कपातीनंतर उरलेला कर १०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर अग्रिम कर लागू होतो आणि तो न भरल्यास महिन्याला एक टक्का व्याज पडते. हे व्याजाचे उत्पन्न कार्यालयाला कळवून पगारातूनच जास्त कापून घेणे सर्वांत सोपे. शेतीचे गणित या तालुक्यात विसरून चालत नाही. सोयाबीन-तुरीचे उत्पन्न करमुक्त आहे, पण ते ५,००० रुपयांवर गेले आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असले की कराचा दर काढण्यासाठी ते धरले जाते. असा पगारदार आयटीआर-१ भरू शकत नाही, त्याला आयटीआर-२ लागतो.

पुण्यात नोकरी करणाऱ्या तालुक्यातील मुलांना अपुऱ्या कपातीचा फटका नोकरी बदलताना बसतो. ऑक्टोबरमध्ये रुजू करून घेणारी कंपनी उरलेल्या सहा महिन्यांचे ७ लाख पाहते आणि कर शून्य धरते. आधीच्या कंपनीचे ७ लाख मिळवले तर ७५,००० ची वजावट जाऊन कर ८१,९०० होतो. आधीच्या पगाराची माहिती फॉर्म १२बी मध्ये नव्या कंपनीला दिली असती तर हा कर पुढच्या सहा महिन्यांत वाटून कापला गेला असता. अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना हेच काम डब्ल्यू-४ या फॉर्मने करावे लागते. २०२० मध्ये त्याची रचना बदलली. नवरा-बायको दोघे कमावत असतील तर तसे नोंदवावे लागते, नाहीतर दोन्ही कंपन्या कमी कापतात. हा फॉर्म वर्षात केव्हाही बदलून देता येतो, आणि कपात नेमकी ठेवणे हे तेथे कर्मचाऱ्याचेच काम मानले जाते. भारतात कायद्याने जवळपास तेवढीच मोकळीक दिलेली आहे; कार्यालयांनी ती वापरू द्यायला हवी.

कपात बरोबर झाली तरी ती नोंदली गेली पाहिजे. कोषागारातून वळती झालेली रक्कम कोषागार फॉर्म २४जी मध्ये कळवते आणि डीडीओला त्या नोंदीचा बीआयएन हा ओळख क्रमांक मिळतो. तो क्रमांक टाकून डीडीओने दर तिमाहीला २४क्यू विवरण भरायचे असते. त्याच्या मुदती ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. हे विवरण राहिले किंवा पॅनचा एक आकडा चुकला, तर पगार पत्रकात कापलेला कर कर्मचाऱ्याच्या २६एएस या करजमेच्या उताऱ्यात दिसत नाही आणि परतावा अडतो. उशिरासाठी दिवसाला २०० रुपये शुल्क आहे, पण तेवढ्याने त्या शिक्षकाचे पैसे सुटत नाहीत. कलम २०५ नुसार पगारातून कापलेला कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही, आणि अशा मागणीसाठी सक्ती करू नये असे मंडळाने २०१५ आणि २०१६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना कळवले आहे. पगार पत्रके जपून ठेवणे आणि दर तिमाहीनंतर २६एएस पाहणे, हा यावरचा खरा बंदोबस्त. लहान गावातील कर्मचारी कार्यालयाशी वाद नको म्हणून गप्प राहतो. विवरण वेळेत मागणे हा वाद नाही, त्याचा हक्क आहे.

परताव्याची प्रक्रिया बेंगळुरूच्या केंद्रात होते. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. बँक खाते पोर्टलवर आधी प्रमाणित केलेले हवे आणि पॅन आधारशी जोडलेले. पॅन निष्क्रिय असेल तर परतावाही नाही, व्याजही नाही. जुनी मागणी बाकी असेल तर कलम २४५ खाली सूचना देऊन परतावा तिच्यात वळवला जातो, म्हणून त्या सूचनेला वेळेत उत्तर द्यावे.

मोठा परतावा काढून देण्याच्या बोलीवर टक्केवारी घेणाऱ्यांचे जाळे हा या व्यवस्थेवरचा घातक रोग आहे. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. महाराष्ट्रही त्यात होता. राजकीय पक्षांना देणग्या, वैद्यकीय खर्च, शैक्षणिक कर्ज अशा खोट्या वजावटी दाखवून परतावे उचलले जात होते. तोपर्यंतच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतल्याचे विभागाने सांगितले. चुकीचे उत्पन्न दाखवल्यास कराच्या दुप्पट दंड आहे. तो पॅनधारकाला भरावा लागतो. टक्केवारी घेणारा तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो.

मुदतीत आणि त्यानंतर उशिरानेही रिटर्न भरायचे राहून गेलेल्याचा खरा परतावा बुडत नाही. अद्ययावत रिटर्नमधून परतावा मागता येत नाही, परंतु कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत असा अर्ज स्वीकारला जातो. आजारपण, कार्यालयाने उशिरा भरलेले विवरण अशी अडचण त्यात पुराव्यासह मांडावी लागते. अर्ज मंजूर झाल्यास मूळ रक्कम मिळते, तिच्यावर व्याज मिळत नाही.