कौशल्य प्रशिक्षणाचे अनुदान : प्रमाणपत्रासाठी की रोजगारासाठी?

मध्य प्रदेशात जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावरील पनागर हे तहसिलीचे ठिकाण आहे. हा परिसर वाटाण्याच्या पिकासाठी ओळखला जातो. 'एक जिल्हा, एक उत्पादन' उपक्रमात जबलपूर जिल्ह्यासाठी वाटाण्याचीच निवड झाली आहे. मात्र हा हंगाम हिवाळ्यापुरताच असतो. वर्षभराच्या कामासाठी तरुणांना जबलपूर शहराकडे पाहावे लागते. अशा ठिकाणच्या युवकांना अल्पावधीत एखादे कौशल्य मिळावे, यासाठी शासन प्रशिक्षणाचा खर्च उचलते. या खर्चातून प्रत्यक्ष रोजगार किती निर्माण होतो, हा खरा प्रश्न आहे.

जबलपूरला कारागिरीची जुनी परंपरा आहे. तेथील तोफगाडी कारखाना १९०४ मध्ये सुरू झाला. पुढे वाहन निर्माणी आणि खमरियाचा दारूगोळा कारखानाही उभा राहिला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार अशा कारखान्यांत तरुण यंत्रावर उभे राहून काम शिकत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेने वेगळा मार्ग स्वीकारला. प्रशिक्षण केंद्रात काही शे तासांचा अभ्यासक्रम, त्यानंतर परीक्षा आणि प्रमाणपत्र, असे तिचे स्वरूप राहिले.

योजनेच्या २०१६ ते २०२० या दुसऱ्या टप्प्यात केंद्रांना ३० टक्के रक्कम वर्ग सुरू झाल्यावर, ५० टक्के प्रमाणपत्रानंतर आणि उर्वरित २० टक्के नोकरीच्या पडताळणीनंतर देण्याची तरतूद होती. म्हणजेच उमेदवाराला काम मिळो अथवा न मिळो, ८० टक्के अनुदान केंद्राच्या हाती पडत असे. त्यामुळे केंद्रांचे लक्ष विद्यार्थीसंख्येवर आणि प्रमाणपत्रांवर केंद्रित होणे स्वाभाविकच होते.

याचे परिणाम महालेखापरीक्षकांच्या, अर्थात कॅगच्या, डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडण्यात आलेल्या अहवालात दिसून आले. २०१५ ते २०२२ या काळात अल्पकालीन आणि विशेष प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे मिळवलेल्या सुमारे ५६ लाख उमेदवारांपैकी ४१ टक्क्यांनाच रोजगार मिळाल्याची नोंद होती. त्याचप्रमाणे, ९४ टक्क्यांहून अधिक लाभार्थींच्या बँक खात्याचा तपशील कोरा अथवा निरुपयोगी आढळला. विशेष म्हणजे, योजनेच्या चौथ्या टप्प्यात रोजगाराची नोंद ठेवण्याची पद्धतच थांबवण्यात आली. उमेदवारांना आपला मार्ग निवडण्याची मोकळीक असावी, अशी शासनाची भूमिका आहे. तथापि, परिणाम मोजलाच गेला नाही, तर अनुदानाचे यश कशावरून ठरवायचे, याचे उत्तर मिळत नाही.

मध्य प्रदेश शासनाने २०२३ मध्ये 'मुख्यमंत्री सीखो-कमाओ योजना' आणली. या योजनेत युवकांनी थेट आस्थापनेत काम शिकावयाचे असून, पात्रतेनुसार दरमहा ८ ते १० हजार रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. त्यातील ७५ टक्के वाटा राज्याचा आणि २५ टक्के आस्थापनेचा. मालकाने स्वतःचा पैसा घातल्यास तो कामाचीही काळजी घेतो, हा त्यामागील विचार योग्यच आहे. विद्यावेतनामुळे शिकताना रोजंदारी बुडण्याचा प्रश्नही हलका होतो. अडचण वेगळीच आहे. नोंदणीकृत मोठ्या आस्थापना शहरांत असतात. पनागरसारख्या गावात ट्रॅक्टर दुरुस्ती, मोटार वायंडिंग अथवा शीतयंत्रांची देखभाल करणारे कारागीर बहुधा छोट्या दुकानांत काम करतात. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने दुसरी बाजू दाखवून दिली. मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न घेऊन तेथील प्रशिक्षणार्थींना आंदोलन करावे लागले.

या साऱ्या अनुभवांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. अनुदानाचा मोठा हिस्सा उमेदवार किमान सहा महिने कामावर टिकल्यानंतरच दिला जावा. अभ्यासक्रम स्थानिक गरजेनुसार ठरावेत. वाटाण्याच्या पट्ट्यात शीतगृह आणि प्रक्रिया उद्योगाला लागणाऱ्या कारागिरांना प्राधान्य मिळावे. छोट्या दुकानांच्या अनुभवी मिस्त्रींनाही प्रशिक्षक म्हणून मानधन मिळावे आणि प्रत्येक केंद्राचा निकाल जाहीर व्हावा. असे झाले नाही, तर अनुदान खर्ची पडेल, प्रमाणपत्रे वाटली जातील आणि तरुण मात्र कामाच्या शोधात पुन्हा शहराचीच वाट धरतील.