विश्लेषण : पिकात शिरलेल्या प्राण्यावर गोळी झाडायची, तर कोणती? कायदा यावर गप्प का?

धाराशिव जिल्ह्यातील माळरानालगतच्या शेतांत काळविटांचे कळप आणि रानडुकरे ही दर हंगामाची डोकेदुखी आहे. कोवळे सोयाबीन काळवीट खुडतात, तर हातातोंडाशी आलेले पीक रानडुकरे एका रात्रीत लोळवतात. त्यामुळे 'आम्हाला बंदूक चालवू द्या' ही शेतकऱ्यांची मागणी नवी नाही. मात्र या चर्चेत परवानगीचाच मुद्दा असतो. परवानगी मिळाली, तर कोणत्या बंदुकीतून कोणती गोळी झाडायची आणि ती प्राण्याच्या शरीरात काय करते, याकडे सहसा लक्ष जात नाही.

परवानगी कोणत्या प्राण्यासाठी?

बोलीभाषेत सगळेच 'हरीण' असले, तरी धाराशिव-सोलापूरच्या माळावर दिसतात ते मुख्यतः काळवीट. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये काळविटाचा समावेश आहे. पिकाचे नुकसान हे काळविटाला मारण्याचे कारण होऊ शकत नाही. तो माणसाच्या जिवाला धोकादायक असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणे नोंदवून परवानगी देऊ शकतात. बेकायदा शिकारीला ३ ते ७ वर्षे तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

रानडुक्कर आणि रोही म्हणजेच नीलगाय हे अनुसूची २ मध्ये येतात. जीवित किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कलम ११ नुसार त्यांना मारण्याची परवानगी देऊ शकतो. म्हणजे गोळीचा प्रश्न कायद्याच्या चौकटीत उरतो तो या दोन प्राण्यांपुरता.

गोळी शरीरात काय करते?

गोळी लागली की प्राणी जागीच कोसळतो, हा समज चित्रपटांनी रुजवला आहे. मेंदू किंवा मणक्यावर गोळी बसली तरच तसे होते. एरवी हृदय-फुप्फुसातून रक्तस्राव होऊन मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो, तेव्हा प्राणी मरतो. नेमकी गोळी बसलेला प्राणीही काही सेकंद धावतो. रक्तस्राव किती वेगाने होईल, हे गोळीच्या बांधणीवर अवलंबून असते.

संपूर्ण धातूच्या कवचाची गोळी शरीरात फुलत नाही. ती लहान छिद्र पाडून आरपार जाते. प्राणी दूर पळतो आणि काही तासांनी तडफडून मरतो. बाहेर पडलेल्या गोळीत बराच वेग शिल्लक असल्याने पलीकडच्या शेतातील माणसालाही धोका असतो. याउलट, टोकाशी मऊ शिसे उघडे ठेवलेली किंवा पोकळ टोकाची गोळी आत जाताच फुलते, तिचा व्यास वाढतो आणि जखम रुंद होते.

पण फुलणारी प्रत्येक गोळी प्रत्येक प्राण्याला चालत नाही. सडपातळ काळवीट आणि २०० किलोच्या आसपासचा रोही नर यांच्या शरीरात फार अंतर आहे. हलकी, चटकन फुटणारी गोळी मोठ्या प्राण्याच्या खांद्याच्या हाडावरच विखुरते आणि फुप्फुसापर्यंत पोहोचत नाही. रानडुकराच्या खांद्यावरची कातडी तर विशेष जाड आणि चिवट असते. अंतर वाढले की गोळीचा वेग घटतो आणि ठरावीक वेगाखाली फुलणारी गोळीही फुलत नाही. त्यामुळे प्राण्याचा आकार, अंतर आणि गोळीची बांधणी या तिन्हींचा मेळ बसावा लागतो.

युद्धात बंदी, शिकारीत सक्ती?

फुलणाऱ्या गोळीचा इतिहास भारताशी जोडलेला आहे. कोलकात्याजवळच्या डमडम येथील दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात ब्रिटिश सैन्यासाठी अशा गोळ्या तयार झाल्या. त्यांनी होणाऱ्या भीषण जखमांमुळे १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात त्यांच्यावर बंदी घातली. शिकारीचा तर्क मात्र उलटा आहे. तेथे प्राणी जखमी होऊन न पळता लवकर मरावा, हे अपेक्षित असते.

म्हणूनच इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९१ च्या हरीण कायद्यानुसार रायफलमधून मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी वापरावी लागते. मोठ्या जातींच्या हरणांसाठी रायफलचा व्यास किमान ०.२४० इंच आणि गोळीची ऊर्जा किमान १,७०० फूट-पाउंड हवी. छऱ्याच्या बंदुकीला तेथे सर्वसाधारण मनाई आहे. पीक वाचवणाऱ्या शेतकऱ्याला अटींसह सूट मिळते. पण बंदुकीचा बोअर आणि छऱ्याचा आकार कोणता, हेही कायद्यात लिहिलेले आहे.

भारतीय शेतकऱ्याच्या हाती काय?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येतो. गुळगुळीत नळीला आतून आटे नसतात. त्यामुळे गोळीला फिरकी मिळत नाही आणि नेम थोड्याच अंतरापर्यंत टिकतो. छरे पसरतात आणि प्रत्येक छऱ्याची ऊर्जा झपाट्याने कमी होते. रानडुकराच्या मागच्या भागात चार छरे बसले, तर ते मरत नाही, जखमी होते. जखमी रानडूकर उसात किंवा तुरीत दडते आणि सकाळी पाणी द्यायला गेलेल्या माणसावर उलटते.

म्हणजे एक कायदा प्राणी मारण्याची परवानगी देतो, दुसरा त्या कामाला सर्वांत कमी योग्य हत्यार पुढे करतो. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये तर शस्त्र आणि गोळीबद्दल एक शब्दही नाही. यामागे एक कारण असे, की १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारच संपली आणि तिच्याबरोबर शिकारीच्या नियमांची गरजही मागे पडली.

शिशाचा प्रश्न काय आहे?

फुलणाऱ्या शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात विखुरतात. असे मांस खाणाऱ्या गिधाडांना आणि इतर प्राण्यांना विषबाधा होते. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडांच्या मृत्यूंनंतर शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १ जुलै २०१९ पासून ती पूर्ण लागू झाली. तेथे तांब्याच्या गोळ्यांचा पर्याय वापरला जातो. धाराशिवमध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. २०२४ च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरमधून आलेला वाघ याच परिसरात आढळला. रानडुक्कर हे वाघाचेही भक्ष्य आहे. त्यामुळे जखमी होऊन रानात मेलेल्या प्राण्याच्या शरीरातील शिसे हा दूरचा प्रश्न राहत नाही.

परवानगीने प्रश्न सुटतो का?

२०१६ मध्ये बिहारमधील मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून २०० हून अधिक नीलगायी मारण्यात आल्या. त्यावरून केंद्रातील दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. त्याच वादात चंद्रपूरमधील रानडुकरांच्या हत्येचाही उल्लेख झाला. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबत परवानगीचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिले आणि परवानाधारक नेमबाजांच्या याद्यांचा मार्ग स्वीकारला. काम प्रशिक्षित हातांकडे सोपवणे, हा त्यातील महत्त्वाचा भाग. परवानगीची वाट बंद वाटली, की फासे, गावठी बॉम्ब आणि कुंपणात सोडलेली वीज हे मार्ग पुढे येतात. त्यात प्राण्यांबरोबर माणसेही मरतात.

काळविटांसाठी कोणता मार्ग?

मध्य प्रदेशात शाजापूर परिसरात २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील तज्ज्ञांच्या मदतीने हेलिकॉप्टरने काळविटांना नरसाळ्याच्या आकाराच्या 'बोमा' कुंपणात हाकत नेले गेले. आठशेहून अधिक काळवीट पकडून अन्यत्र सोडण्यात आले. दुसरा मार्ग भरपाईचा. वन विभागाच्या भरपाईसाठी पंचनामा लागतो. शिवाय वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीला पंतप्रधान पीक विमा योजनेत खरीप २०२६ पासून संरक्षण देण्याची घोषणा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. त्यासाठी ७२ तासांत पीक विमा अ‍ॅपवर छायाचित्रांसह नुकसान नोंदवावे लागेल. कोणते प्राणी आणि कोणते भाग, हे राज्यांनी ठरवायचे आहे.

काळविटाच्या बाबतीत उत्तर स्थलांतर, कुंपण आणि भरपाई यांतच शोधावे लागेल. रानडुक्कर आणि रोहींबाबत मात्र परवानगीच्या कागदावर बंदुकीचा प्रकार, गोळी, कमाल अंतर आणि जखमी प्राण्याचा माग काढण्याची जबाबदारी यांचा उल्लेख हवा. तो नसेल, तर परवानगी मिळूनही पीक उद्‌ध्वस्तच होईल आणि उसात एक जखमी जनावर वाढेल.