भूक, मन आणि औषध

वजन उतरविणारे औषध आणि मन प्रसन्न ठेवणारे औषध या दोन सर्वस्वी निराळ्या वस्तू होत, असा आपला सर्वसाधारण समज असतो. एक पोटासाठी, दुसरे डोक्यासाठी. गेल्या शतकातील औषधांचा इतिहास पाहिला असता हा समज टिकत नाही. भूक ही केवळ रिकाम्या पोटाची हाक नव्हे. तिचे नियमन मेंदूत होते, आणि ज्या मार्गांनी ते होते त्यांपैकी बरेचसे मार्ग आनंद, इच्छा व खिन्नता यांचेही असतात. तेव्हा भुकेवर चालणारे औषध मनाला स्पर्श केल्यावाचून राहील, ही अपेक्षाच मुळी धाडसाची आहे.

ॲम्फेटामीन हे द्रव्य १८८७ साली बर्लिन येथे प्रथम तयार झाले. त्याचा वैद्यकीय उपयोग १९३० नंतरच्या दशकात रूढ झाला. ते घेतले असता झोप उडते, उत्साह वाटतो आणि अन्नावरची वासना जाते, असे दिसून येताच सौम्य खिन्नतेवर आणि स्थूलतेवर तेच एक औषध दिले जाऊ लागले. त्याचे व्यसन जडते हे पुढे उघड झाले. नंतर आलेल्या फेनफ्लुरामीनने हृदयाच्या झडपा बिघडविल्या, व १९९७ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घ्यावे लागले.

परंतु खरा धडा दिला तो रिमोनाबँटने. भांग घेतलेल्या मनुष्यास खा-खा सुटते, हे आपल्याकडे होळीच्या दिवसांत कोणास सांगावे लागत नाही. भांगेतील द्रव्य मेंदूतील ज्या ग्राहकांवर जाऊन बसते, तेथे बसणारे एक द्रव्य आपला मेंदू स्वतःही निर्माण करीत असतो. जेरुसलेम येथे राफाएल मेशूलम यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये ते सापडले, आणि संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून त्यास आनंदामाइड असे नाव देण्यात आले. हे ग्राहक अडवून धरले तर भूक मंदावेल, हा तर्क बिनचूक होता. त्या तत्त्वावरील रिमोनाबँट २००६ मध्ये युरोपात विक्रीस आले. चार चाचण्यांतील ४,१०५ व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित परीक्षण २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर, लटकी गोळी घेणाऱ्यांपेक्षा औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी ४.७ किलोग्रॅमने अधिक उतरले होते. मात्र खिन्नतेमुळे उपचार सोडण्याची शक्यता त्यांच्यात अडीच पट होती. आणि खिन्न मनःस्थितीच्या व्यक्तींना या चाचण्यांत मुळात घेतलेच नव्हते! अमेरिकेतील सल्लागार समितीने २००७ मध्ये १४ विरुद्ध ० मतांनी प्रतिकूल कौल दिला. २००८ मध्ये युरोपातील विक्री थांबली, व २००९ मध्ये भारत सरकारनेही या औषधावर बंदी घातली.

नावात आनंद असलेल्या द्रव्याची वाट अडविल्यावर मन उदास व्हावे, यात आश्चर्य ते काय? आमचा आक्षेप औषध फसले याला नाही, औषधे फसावयाचीच. आक्षेप चाचणीच्या रचनेस आहे. जो रुग्ण चाचणीच्या दारातून परत पाठविला जातो, तोच पुढे दवाखान्याच्या दारात उभा राहतो.

तो कोण असतो, हे अमेरिकन मानसरोगतज्ज्ञ आल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्येच वर्णिले होते. काही स्थूल व्यक्ती अल्पावधीत, थांबता न येता, पुष्कळ अन्न खातात आणि नंतर लाजेने व पश्चात्तापाने खचतात. या विकारास अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्वतंत्र स्थान मिळावयास २०१३ साल उजाडले. मध्यंतरी अशांना ‘जिभेवर ताबा ठेवा’ असा उपदेश तेवढा झाला. २०१५ मध्ये अमेरिकेत या विकारासाठी ज्या लिस्डेक्साम्फेटामीनला मान्यता मिळाली, ते शरीरात गेल्यावर ॲम्फेटामीनचेच एक रूप धारण करते. आणि वजन उतरविण्यासाठी ते वापरू नये, असे त्याच्या माहितीपत्रकात बजाविलेले आहे. अनावर खाणे आणि वजन हे दोन प्रश्न एक नव्हेत, याची ती कबुलीच म्हणावयाची.

आताची औषधे आतड्यातील संप्रेरकाची नक्कल करणारी आहेत. सेमाग्लुटाइडच्या १,९६१ व्यक्तींवरील चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले; लटक्या औषधाने २.४ टक्क्यांनी. उपचार थांबविल्यावर मात्र वर्षभरात गमावलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आले. ही औषधे आत्महत्येच्या विचारांस कारण होतात असा पुरावा २०२४ मध्ये अमेरिकेच्या व युरोपच्या नियामकांना आढळला नाही. ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि उपर्युक्त चाचणीतही, मागील दोन वर्षांत तीव्र विषण्णतेने ग्रासलेल्यांना प्रवेश नव्हता. रिमोनाबँटनंतर ही सावधगिरी समजण्याजोगी आहे. पण तिने अज्ञान कायम राहते. अशा रुग्णांसाठी काळजीपूर्वक देखरेखीखाली स्वतंत्र चाचण्या घ्याव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भारतात वजनासाठीचे सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड २०२५ मध्ये विक्रीस आले. ते लिहून देणाऱ्या वैद्याने तराजूकडे पाहण्याआधी विचारावे, की खाणे हाताबाहेर जाते काय, आणि झोप, उत्साह, जगण्याची गोडी कशी आहे. हाच व्यवहार उलट बाजूनेही हवा. ओलान्झापीन, मिर्टाझापीन यांसारखी मनोविकारांवरील औषधे वजन वाढवितात, आणि त्या वाढीला कंटाळून कित्येक रुग्ण ती परस्पर बंद करतात. अशा रुग्णाच्या कागदावर पहिल्या दिवसापासून वजनाची नोंद असावी, व ते वाढू लागताच औषध बदलावयाचे की आणखी एखादे जोडावयाचे, याचा विचार त्याला सोबत घेऊन व्हावा.